गोरिल्याच्या कातड्यातला माणूस

नेरूळ,
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय मित्र खलील यास ज्योतिबाचा सलाम.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, तुम्हीही मोऱ्याला खुशाल असाल. रहिमावहिनींचे गुडघे कसे आहेत? अक्षर बघून चक्रावू नकोस. माझ्याच्याने पत्रभर लिहिणं होत नाही, म्हणून सूनबाई लिहून देते आहे. सुनयना हसतेय, म्हणते हेही लिहू का? लिही बाई.

मार्केटातली हमाली सुटली. आता सोसायटीच्या कट्ट्यावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकटचे सल्ले देतो. गणपतीच्या आधी केबलवाल्याने काय लावलं असेल? आपला जंगलचा पिक्चर! तेच कर्नाळ्याचं रान, तीच वाघाच्या कातड्यातली राणी, आणि मागे तोंडाला काजळी फासून भाले नाचवणारे आम्ही तालमीतले पैलवान. त्या घोळक्यात मी कुठे होतो ते मलासुद्धा सापडलं नाही. मग झाडावरून गोरिला उतरला आणि घरातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

पुढे गणपतीत सोसायटीच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, हार, सगळं झालं. सुनयनानेच सोसायटीभर सांगितलं होतं, तिला फार कौतुक. बाकी पावसाने यंदा बरा हात दिला. तुमच्याकडे मासळीचं कसं काय?

तुझी हादिया आली होती सत्काराला. गेटवरचा फळा वाचून आली म्हणे. पहिल्या रांगेत बसली, टाळ्याही वाजवल्या. संपल्यावर जवळ आली आणि एवढंच म्हणाली, "काका, अब्बांचा हात अजून सरळ होत नाय." चपला घातल्या आणि गेली.

सुनयना विचारते आहे, त्यांच्या हाताला काय झालं?

ती लिहिते आहे म्हणून इतका वेळ मासळीच्या आणि पावसाच्या गप्पा मारल्या. आता सांगतो. तू लिहीत राहा, सुनयना.

पिक्चर लागला त्या दुपारी सुनयनाने विचारलं, "बाबा, तुमी यात कुठे?" गोरिला नेमका समोर होता. मी म्हटलं, "तो काय, तोच मी." तोंडातून निघून गेलं रे. नातवंडं अंगावर येऊन पडली. माझ्याकडे या घरात कोणी कधी तसं बघितलं नव्हतं. परत घ्यायचं जिवावर आलं.

आणि सत्कारात नुसतं 'मी होतो' म्हणून थांबलो नाही. तू मला जे जे सांगितलं होतंस ते सगळं माझं म्हणून सांगितलं. गोणपाटाला बकऱ्याचे केस चिकटवलेले, सरसाचा वास, नाकाला दोनच भोकं, आत घामाने डोळे जळायचे तरी पुसता यायचे नाहीत. लोक चुकचुकले. राणीला खांद्यावर घेऊन फांदीवरून उडी मारली आणि कोपर मोडलं, तेही सांगितलं. सांगताना स्वतःचं कोपर चोळलं. ते दुखतंच, पण पोती उचलून.

सुनयना, मान खाली घालू नकोस. अजून आहे.

खलील, ते कातडं आधी मलाच घातलं होतं, आठवतं ना? पैलवान म्हणून. पाठीमागून दाभणाने शिवून टाकायचे, शॉट झाला की उसवायचे. शेवटचा टाका पडला आणि माझा जीव घाबरा झाला. एवढा थोरला गडी, लहान पोरासारखा ओरडलो, मला बाहेर काढा. सगळे हसले. तू नाही हसलास. पिक्चरवाल्यांचं सामान होडीने खाडीपर्यंत आणून रानात टाकलं होतंस, भाडं घेऊन निघायचा होतास, तो पुढे आलास. "सोडा त्याला. आना इकडं, मी घालतो." आणि तुझ्या पाठीवरचे टाके मी घातले. नाहीतर त्याच फांदीवर मी उभा असतो.

तू त्या हातामुळे वल्हं सोडलंस. तरी कधी एका शब्दाने बोलला नाहीस. दर ईदला मला डबा पाठवत राहिलास आणि मी तो खात राहिलो.

सुनयना म्हणते, "बाबा, आता कशाला उकरताय? मला सोसायटीत तोंड दाखवायचंय. त्यांना खाजगीत सांगा, मी पत्र फाडते, दुसरं लिहू." तिचंही चूक नाही. माझ्यापायी तिची मान खाली जाणार. पण हादियाने टाळ्या वाजवल्या, खलील. तिच्या बापाच्या मोडलेल्या हाताची गोष्ट माझ्या तोंडून ऐकून तिने टाळ्या वाजवल्या. मला झोप नाही.

सुनयना पेन ठेवून आत गेली. हे माझं अक्षर. लागेल तसं वाच.

गोरिला तू होतास. मी नव्हतो. येत्या रविवारी मंडळाची सभा आहे, तिथे उभं राहून हेच बोलणार. घरातली माणसं असतील तरी बोलणार. तू ये म्हणायला तोंड नाही. आलास तर पहिल्या रांगेत बस. टाळ्या वाजवू नकोस.

तुझ्या वाटच्या टाळ्या घेऊन बसलेला,
ज्योतिबा