शेळ्यांच्या शेंगा गाईच्या दावणीत

ओंकार,
मी ताईकडं श्रीगोंद्याला हुते तवा रोज फोनवर इचारायचे, गाईला चारा कापून टाकला का? तू रोज व्हय म्हणायचास. आन शेळ्यांसाठी भरून ठेवलेलं बाभळीच्या शेंगांचं पोतं दावणीत रिकामं केलंस. इळा घेऊन घासाच्या वाफ्यात जायला पाय दुखत हुते व्हय?

आपली हरणी गाय पहाटं गेली. पोटातलं वासरूबी गेलं.

राती डॉक्टर आले तवा तू तोंड चुकवून गावात गेलास, म्हणून त्यांचं बोलणं लिवते. शेळीची लाळ शेंगंचा तुरटपणा मारती, गाईच्या लाळंला तेवढं जमत न्हाई. मग पोटातला चारा कुजत न्हाई, रवंथ थांबतो, शेण बंद हुतं. मला येवढं ठाऊक न्हवतं. पण गाईला शेंगा मूठभरच, त्याबी कडब्यात मिसळून, हे तुला लहानपणापासनं दाखवलंय.

कालवडीनंबी खाल्ल्यात. ती अजून पायावर उभी हाय, म्हणून टेम्पोत घालून पारनेरच्या दवाखान्यात नेते.

भाकरी टोपलीत हाय. दावण झाडून घे. जेसीबीवाल्याला फोन लावायचा न्हाई. कुदळ-फावडं तुझ्या खाटंला टेकवून ठेवलंय, लिंबाखाली खड्डा तूच खांदायचा.

निघताना तुझ्या उशाशी उभी राहून बोलले, तू हूं करून कुशीवर वळलास. म्हणून परत सांगते. लेका, हरणीला माती दे, आन त्यानंतर माझ्या गोठ्यात पाय ठेवू नगंस.