आजोबांना सुटलेलं पोट

प्रिय सर्वेश,

अक्षर वेदिकाचं आहे, जीभ माझी. तुझी ही चुलतबहीण कॉलेजात जाऊन माझं बोलणं सुधारायला बघते. मी ‘मेल्या’ म्हटलं की ती हळूच ‘बाळा’ लिहिते. म्हणून प्रत्येक ओळ मी तिच्याकडून परत वाचून घेते आहे. तर मेल्या, कसा आहेस?

इकडे गाव आहे तिथेच आहे. बांगडा बरा लागतोय, त्यामुळे तुझा बाप खुशीत असतो. पण खरी बातमी अशी की तुझी आजी कॉम्प्युटर शिकली. हसू नकोस. निदान त्याचं दुखणं कुठे होतं, ते तरी शिकली.

तू शारजाला जाताना तुझा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत लावून दिलास. त्याचा चौकोनी पडदा खाऱ्या हवेने गेला. मग तुझ्या बापाने रत्नागिरीहून नवा आणला, दाराच्या फळीसारखा आडवा. जोडायला आलेल्या माणसाने आत बघितलं आणि नाक मुरडलं. हे कसलं सिस्टम, हे कोण वापरतं, आजी, काढून टाकतो आणि सगळे वापरतात ते घालतो, म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, जगातल्या हौशी लोकांनी फावल्या वेळात मिळून केलंय ते, माझा नातू त्यांतला एक. तू चहा घे, पण त्याला हात लावू नकोस.

मग आम्ही तुझे आजोबा उघडले. होडीला टेकून उभे आहेत तो फोटो, तूच त्यात घातलेला. मला हसू आवरेना. ज्या माणसाने सदरा घातला तरी वल्ह्यावर वाळत टाकल्यासारखा दिसायचा, तो सरपंचासारखं पोट सुटून उभा! जन्मभर भात-कालवण वाढलं ते अंगाला लागलं नाही आणि वर गेल्यावर बाळसं धरलं. मागची होडी फुगलेली, सूर्य तर पपईसारखा आडवा.

त्याच सुमारास तुझेही फोटो आले. गाल भरलेले, खांदे रुंद. मी वाडीभर सांगून आले, शारजाची हवा मानवली हो पोराला. तुलाही फोनवर सांगितलं, तेव्हा तू केवढा हसलास. तिकडून फोनवर तोंड दाखवायची सोय नाही म्हणतोस, आणि हातातल्या फोनवर माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून तू फोटो धाडतोस ते या पडद्यावरच. मला तू भेटतोस तो एवढाच.

तरी आजोबांचं पोट माझ्या डोक्यातून जाईना. तुला विचारलं, तर तू म्हणालास, आजी, त्या सिस्टमला रुंद पडदा जमतच नाही, राहू दे तसाच. का जमत नाही? माणसाला नवा जोडा चावतो, पण चार दिवसांनी बसतो की नाही पायाला? मी वेदिकाच्या मागे लागले. ती म्हणाली, आजी, तुला काय करायचंय? मी म्हटलं, गो बाय, नवरा माझा आहे.

तिने मला समजावलं ते असं. पडदा म्हणजे नुसते ठिपके. आपल्याकडे आडवे तेराशे सहासष्ट. पण मशीनमध्ये चित्र काढणारा जो तुकडा असतो, त्याला जुनी चौकोनी मापंच ठाऊक. सिस्टम त्याला विचारून चौकोनी चित्र काढतं, आणि पडदा ते ओढून-ताणून अंगभर घेतो, शेजारणीचं झंपर घातल्यासारखं. म्हणजे रुंद माप आपणच त्याच्या कानात सांगायला हवं. वेदिकाने सांगितलं, तर पडदा काळाठिक्कर झाला आणि पोरगी पांढरीफटक. बंद करून पुन्हा चालू केला. मग कळलं की ते यंत्र ठिपके आठ-आठच्या वाट्यांनी मोजतं, म्हणून तेराशे साठच घेतं. उरलेल्या सहांचं काय, मी विचारलं. लिलावात उरलेली मासळी मांजराला जाते, इथे कोण खातं? वेदिकाला सांगता आलं नाही. तुला येत असेल तर कळव. कडेला केसाएवढी काळी रेघ राहिली आहे, तेवढी चालेल.

आणि आजोबा आले. बारीक, उंच, गळ्याची हाडं वर आलेली. सूर्य गोल झाला. मी कितीतरी वेळ बघत बसले.

मग मी तुला उघडायला सांगितलं. वेदिका म्हणाली, आता चहा करू या. मी म्हटलं, आधी उघड.

सर्वेश, तुझे गाल कुठे गेले? सदऱ्याच्या कॉलरमध्ये अजून एक मान मावेल. घड्याळ मनगट सोडून खाली आलंय. मागचे सगळे फोटो एकेक करून उघडायला लावले. प्रत्येकात तू आधीपेक्षा कमी.

हे माप कानात सांगायची युक्ती वेदिकाला कुठे मिळाली, ते लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं. ते हौशी लोक जिथे एकमेकांना अडचणी विचारतात, तिथे कुणा परदेशातल्या माणसाने हाच प्रश्न विचारला होता. त्याला नीट, पायरीपायरीने उत्तर दिलंय, त्याखाली नाव तुझं आहे. तू गावात होतास तेव्हाचं. म्हणजे जमत नाही असं तू सांगितलंस, ते फक्त मला. मी तुला ताणलेलं बघावं आणि खुशीत राहावं, म्हणून.

रागावले नाही. तुझ्या आईबापाला अजून काही बोलले नाही. फोनवर विचारलं असतं, तर तू हसून फोन ठेवला असतास, म्हणून हे कागदावर. शेजारच्या सुलेमानचा मुझम्मिल सुट्टी संपवून परत शारजाला निघालाय. पत्र तो तुझ्या हातात देईल आणि जागचा हलणार नाही, तसं त्याने मला कबूल केलंय. पत्र हे निमित्त आहे बाबा. मला तुझ्यासमोर दोन डोळे उभे करायचे होते. तिकडे काय दुखतंय, की जेवायला मिळत नाही, की कामच गेलंय, ते त्याला सांग. डॉक्टरकडे तो बरोबर येईल, आणि परत यायचं असेल तर तिकीटही तोच बघेल. वाचून झालं असेल, तर आता वर बघ.

तुझीच, आहे त्या मापाची,
तुळसाआजी