वरच्या मजल्याचं पाणी

३ मार्च, सोमवार
संकल्प: या महिन्यात पंप हा विषय मुळापासून समजून घेणे. दिवाळीत अनिमेष आणि श्रावणी चार दिवस लवकर पुण्याला परत गेले. कारण उघड आहे, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. सुनेनं बादल्या घेऊन जिने किती चढायचे? मुलगा तसं बोलला नाही, पण बापाला न बोललेलं कळतं. दोघांचं काम लॅपटॉपवर, ते सोलापुरातही होतं. अक्षय्य तृतीयेला वरचं घर त्यांच्या ताब्यात. अनसूया म्हणाली, अहो, आधी त्यांना विचारा तरी. विचारायचं काय? पाण्यामागे माणूस येतोच.

६ मार्च
अभ्यास जोरात. हापशात दट्ट्या असतो. घरगुती पंपात पंखा असतो, तो फिरून पाणी बाहेर फेकतो. मोनोब्लॉकमध्ये मोटर आणि पंप एकाच दांड्यावर, सगळं झाकलेलं. दुसऱ्या तऱ्हेत मोटर वेगळी, पंप वेगळा, मध्ये पट्टा. मला पट्ट्याचा पसंत. काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. अनसूया म्हणाली, शेजारच्या मानसिंगभावजींनी मोनोब्लॉक आणला आणि त्याच संध्याकाळी पाणी चढलं. चढणारच. त्यांचा अभ्यास नाही.

१४ मार्च
मोहोळहून जुना पट्ट्याचा पंप आणला. जागा: गच्ची. श्रावणीला बटण हाताशी हवं, खाली यायला नको. प्लंबर धोंडप्पा म्हणाला, चालतंय की सर, वर हवाबी लई हाय. समजूतदार माणूस.

१६ मार्च
चार दिवसांनी नळाला पाणी आलं. अंगणातला हौद भरला. मोटर सुरू, पट्टा फिरला, पंपही फिरला. पाणी नाही. पंपात तांब्यानं पाणी ओतून पुन्हा सुरू केला. पाणी नाही. धोंडप्पा आणि मी आळीपाळीनं पाइपाला कान लावला.
सायंकाळी: पट्टा निसटून मानसिंगच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत पडला. मानसिंगनं पट्टा आणून दिला. त्याची बायको बोलली ते लिहीत नाही.

२३ मार्च
अनिमेषला फोन. पट्ट्याचा ताण, चाकांचे व्यास, सगळं समजावलं. तो मध्ये मध्ये हं म्हणत होता. मुलगा लक्ष देऊन ऐकतो हे मोठं सुख आहे. येणार का ते आज विचारलं नाही. घाई नको.

२ एप्रिल
चूक सापडली. पंप ढकलायला वस्ताद, ओढायला कच्चा. पंचवीस फुटांच्या आतच हात टेकतो. मी त्याला दोन मजल्यांवर बसवून खालून पाणी ओढायला लावत होतो. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यात हे कुठे येणार?
नवा संकल्प: पंप खाली. अनिमेषला आता रोज फोन.

१९ एप्रिल
अनसूयेच्या हट्टापायी मोनोब्लॉक आणला. हौदाशेजारी बसवला. गच्चीवरची टाकी भरली, वरचा नळ सोडला आणि पाणी आलं. मनगटाएवढी धार. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.
लगेच अनिमेषला फोन. तो म्हणाला, आईला फोन द्या. अनसूया फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं आली.
पुण्यात फ्लॅट घेतलाय. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. हिला संक्रांतीपासून माहीत होतं. मी चिडलो. ती म्हणाली, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही पहाटे उठून कशाला तरी लागला होतात, मला ते मोडवेना. पाण्याबद्दल श्रावणी कधी काही बोललीच नव्हती, असंही म्हणाली.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

३० एप्रिल, पुणे
वास्तुशांत झाली. अकरावा मजला. बेसिनचा नळ सोडून पाहिला, धार चांगली आहे. अनिमेषला विचारलं, एवढ्या उंच पाणी चढवायला कुठला पंप लावलाय? म्हणाला, माहीत नाही बाबा, येतं.

४ मे, सोलापूर
नळाला पाणी आलं. हौद भरून घेतला. वरच्या टाकीतलं पाणी शिळं झालं होतं, सोडून दिलं. अनसूयेनं विचारलं, मोटर लावायची का? नको म्हटलं. आम्हा दोघांना खालचं पुरतं.