परत आलेला माल

६ नोव्हेंबर २००६, अंबरनाथ
नवी नोकरी, एक्स्पोर्ट ऑफिसर! गाव भिकार, सायरन वाजला की जेवणारी माणसं. पण केबिन माझी एकट्याची. आमची शेड स्प्रिंगा बनवते. कागदावर शिलाई मशीनच्या, प्रत्यक्षात बंदुकीच्या चापाच्या. परदेशात कुठंतरी मारामारी चालू आहे, तिथं जातात. भगवंतशेठनं हे हसत सांगितलं, मीही हसत सही केली. स्प्रिंग लागून कोणी मेल्याचं ऐकिवात नाही. बेलवलीला घरी वृंदानं शिरा केला होता. दुसरीतल्या अनुयाला सांगितलं, तुझा बाबा साहेब झाला.

९ नोव्हेंबर
वृंदाचा भाऊ समीर टपकला. शस्त्रांच्या विक्रीवर जगभर कायदा हवा म्हणून हा दीडशहाणा उल्हासनगरच्या बाजारात सह्या गोळा करतो. भाऊजी, तिकडं शाळेतली पोरं मरतात, म्हणाला. मी म्हटलं, मग शाळा लांब बांधा म्हणावं. चांगलं झोंबलं त्याला.

१४ नोव्हेंबर
एक खोका परत आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही. पॅकिंगवाला हिरामण म्हणाला, रिजेक्शन असेल साहेब. आत आमचीच स्प्रिंग, वापरून काळी झालेली, आणि लहान मुलीची बांगडी. हिरामणला म्हटलं, फेक. तो हात लावेना. सगळा अडाण्यांचा बाजार!

१७ नोव्हेंबर
आणखी खोके. प्रत्येकात एक काळी स्प्रिंग. सोबत कुठं दुधाचा दात, कुठं चावलेली पेन्सिल. कुरियरवाला म्हणतो, आम्ही आणलेच नाहीत. समीरचेच धंदे हे. फोनवर शिव्या घातल्या, तर रडला. बावळट.

२० नोव्हेंबर
टेबल भरलं. एक रिबीन ओली होती. हात धुतले, वास जात नाही. मला भीती वाटते. शेठला म्हटलं, आजचा माल थांबवू या. म्हणाला, थांबवा की, सही तुमचीच आहे. मग उद्यापासून घरी बसा.
सही केली. ट्रक गेला.

२१ नोव्हेंबर
आज एकच खोका. पत्ता घरचा. वृंदानं फोन करून बोलावलं. स्प्रिंगवर शिक्का कालच्या मालाचा, तरी काळी — खाली अनुयाचा डबा. सकाळचीच दुधीची भाजी, गरम —
शाळेत फोन उचलत नाहीत. वृंदा धावत गेली. मी लिहीत काय बसलोय —
दाराबाहेर काहीतरी ठेवलं कुणी. खोका. मोठा. आतून कुणीतरी हाक मारतंय, बा