कातळवण्याची खरी लोकसंख्या

असल्फा, घाटकोपर (पश्चिम)
१२ जानेवारी १९८६

तीर्थरूप भाऊरावकाका यांच्या चरणी राजारामाचं डोकं टेकून नमस्कार. इकडे आम्ही देवाच्या कृपेने उभे आहोत. वारा गोवंडीच्या बाजूने फिरला की तुमच्या सुनेचा, प्रेमाचा, खोकला वाढतो, फिरला नाही की ती बोलते; दोन्हींची आता सवय झालीय. तुमची कंबर कशी आहे, द्रौपदीकाकीची दाढ पडली की अजून तिचंच राज्य चालू आहे, ते कळवावं. आणि खरं कळवावं. (‘खरं’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्यात, त्या शाई उरली म्हणून नाहीत.)

आपल्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाच्या स्मरणिकेत ‘आमचं गाव कातळवणे’ हे पान छापून आलं. ते एक पान नेमकं कितीला पडलं, हे आधी ऐकून घ्या. माझा कारखाना तीन दिवस बंद. उजव्या चपलेचा अंगठा. पोटरीवर धाकूच्या कुत्र्याचे चार दात, आणि त्या चार दातांपायी माझ्या पोटात चौदा इंजेक्शनं. गुळाचा कोरा चहा, कप अकरा. आणि एवढं मोजून हाती आलेल्या पानावर गावाचं नाव सोडलं तर एक अक्षर खरं नाही. कुत्र्याचंच बघा. माझी पोटरी त्याच्या तोंडात, त्याची साखळी धाकूच्या खुंट्याला, आणि धाकू ओटीवरून मला सांगतोय, “तो माजो नाय हां. मी कुत्रो पाळूकच नाय.” कारण काय, तर माझ्या काखेत वही होती.

तुम्ही म्हणाल, राजारामाला नसते धंदे. पण काका, हा धंदा मी आईसाठी अंगावर घेतला, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या वहिनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. इथे घाटकोपरला डॉक्टर ठरवून ठेवलाय, खाटेची सोय केलीय. पण गावातून फाट्यापर्यंतचे साडेतीन मैल ती चालू शकत नाही, आणि डोलीत बसायला तयार नाही. “चौघांच्या खांद्यार मी एकदाच जातलंय,” असं तिने मला तोंडावर सांगितलं. गाडी दारात आली तर येईन, नाहीतर जे दिसतंय तेवढं पुरे. म्हणून गावाला वस्तीची एस.टी. हवी, संध्याकाळी येऊन देवळापाशी मुक्काम करणारी आणि सकाळी सुटणारी. आणि म्हणून मी एस.टी.तल्या एका साहेबांना (त्यांच्या मेव्हण्याच्या पंपाचे बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या, मी करून देतो) समारंभाला पाहुणे म्हणून आणायचं ठरवलं आणि त्यांच्या हातात गावाची झकास माहिती छापून ठेवायची, अशी युक्ती काढली. माहिती गोळा करायला कोण, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत आला तेव्हा सगळे आपापल्या चपला शोधू लागले. मीच उठलो.

का उठलो, तेही सांगतो. मी मोजमापाचा माणूस. सोळाव्या वर्षी साकीनाक्याला दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंडाचा कीस झाडत होतो, आज माझी स्वतःची दोन लेथ आहेत. माझ्या हातून गेलेला बुश केसाइतका इकडेतिकडे निघत नाही. पोलादी फूटपट्टी खिशात असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. स्वतःच्या लग्नातही होती (प्रेमाला वाटलं, आहेराची काहीतरी वस्तू आहे). आणि कान तर असा, की रस्त्यापलीकडच्या शेडमधल्या लेथचं हत्यार बोथट झालंय हे मी चहा पिता पिता ओळखतो. तेव्हा माणूस खोटं बोलतोय हे मला कळणार नाही, असा माणूस कातळवण्यात जन्माला यायचाय.

कळत होतं, काका. पहिल्या दिवशी सगळंच कळत होतं. गुणाजी काजूच्या भरल्या पोत्यावर बसून मला सांगत होता की यंदा काजू धरलेच नाहीत, गेल्या साली धरले नव्हते आणि कातळवण्यात काजू होतात ही वेंगुर्ल्याच्या लोकांनी उठवलेली अफवा आहे. जानकीवहिनीने घरात आपण एकटीच राहतो असं लिहून घ्यायला लावलं. तिच्या पडवीत सात जणांच्या चपला होत्या आणि आतून कोणीतरी शिंकलं. माझ्या आईची तर कमाल. कोंबड्या किती विचारलं तर म्हणाली, “खंयची कोंबडी?” एवढ्यात कणगीमागून एक कोंबडी अंडं घातल्याचा डांगोरा पिटत बाहेर आली. मी म्हटलं, अगं आई, मी तुझा पोटचा मुलगा. तर म्हणाली, “म्हणानच एक लिव सांगतंय. दुसऱ्याक ती पण सांगूक नसतंय. आणि लिव, ती आजारी आसा.” माणसांच्या रकान्यात स्वतःचं नाव घालायला मात्र तिने नकार दिला. आज आहे उद्या नाही, उगाच कागद कशाला खराब करतोस, म्हणाली. म्हणजे माझ्या घराची लोकसंख्या शून्य, आणि त्या शून्याने मला तांदळाची भाकरी वाढली.

दिवसअखेरीची बेरीज अशी: माणसं एकसष्ट, गुरं नऊ, कोंबडी एक (आजारी). ग्रामसेवकाकडचं रजिस्टर बघावं म्हटलं तर तो महिन्यातून एकदा उगवतो आणि रजिस्टर त्याच्या सासुरवाडीला असतं. मी गावाला दोष देत नाही. वहीवाला माणूस आला की मागोमाग काहीतरी जातं, हा गावाचा अनुभवच आहे. एकाने घरं मोजली, घरपट्टी वाढली. शहात्तर साली एकाने पोरं मोजली, तर आठवड्याने नसबंदीच्या शिबिराची जीप आली आणि गुणाजी दोन दिवस करवंदीच्या जाळीत बसून राहिला (हे तो सांगत नाही, त्याची पाठ सांगते). पण मी काय परका? मी म्हटलं, एवढी एकमुखी उत्तरं आपोआप येत नाहीत. सात वाड्यांत सात तोंडं, आणि शब्द एकच: ‘काय्येक नाय’. यामागे कोणीतरी जाणता माणूस असला पाहिजे.

तो जाणता माणूस मला त्याच संध्याकाळी सापडला. मी देवळात घंटा वाजवायला हात वर केला आणि तसाच थांबलो, कारण भिंतीपलीकडे पारावर तुम्ही दशरथाशी बोलत होता. दशरथ म्हणत होता, राजाराम आपल्यातलाच, त्याच्यापासून काय लपवायचं? आणि तुम्ही म्हणालात, “राजाराम आपलोच आसा रे. पण वयी कोणाची ता इचारल्यास?”

काका, मला राग आला नाही. कौतुकच वाटलं. तीस वर्षं मुंबईत धंदा करतोय, पण समोरचा माणूस आपला आणि वही परक्याची, असा विचार मलाही सुचला नव्हता. आता गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली की मी आधी वही कोणाची ते बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चव्हाट्यावर उभा राहून सांगून टाकलं की वही एस.टी.साठी आहे, माणसं जास्त दिसली तर गाडी मिळेल. तिथेच वाट लागली. गाव एका दिवसात फुगलं. दशरथाच्या घरात काल सहा होते, आज तेवीस. विचारलं तर म्हणाला, मुंबईवाले धरलेत. धर बाबा, पण त्यात त्याने मलाही धरलं होतं, आणि धाकूनेही, आणि गुणाजीनेही. जानकीवहिनीने बावीस वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या दोन्ही नणंदा परत आणल्या आणि वर सासऱ्यांचं नाव घातलं. मी म्हटलं, वहिनी, सासरे वारले ना? तर म्हणाली, “वारले तरी पितृपक्षात येतत.” आता पितरं एस.टी.ने येतात की कशाने, हे मला विचारवेना. आणि तुम्ही? काल ‘कोणाक म्हायत’ म्हणणारे तुम्ही छातीवर हात मारून म्हणालात, लिही, दोन हजार एकशे चाळीस. ते चाळीसचं शेपूट लावलंत ना काका, तिथेच मी ओळखलं. खऱ्या आकड्याला एवढी वेणीफणी लागत नाही.

मग मी काय केलं? लेथवाल्याने जे करावं तेच. एक माप लहान आलं, एक मोठं आलं. दोन्ही मिळवून निम्मं केलं. साडेअकराशेच्या अलीकडे, बरोबर अकराशे आणि अर्धा माणूस. अर्धा सोडून दिला (प्रेमा म्हणते, तो अर्धा म्हणजे तुम्हीच) आणि अकराशे छापले.

समारंभ इथल्या शाळेत थाटात झाला. साहेबांना शाल दिली, नारळ दिला, स्मरणिका दिली. त्यांनी ते पान तिथेच बसून वाचलं आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “अकराशे माणसांत एकच कोंबडी?” काका, माणसं वाढवण्याच्या नादात दुसऱ्या दिवशी कोंबड्या वाढवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, साहेब, गाव माळकरी आहे. (शिमग्याला आपल्याकडे काय शिजतं ते त्यांना कळायच्या आत गाडी सुरू व्हावी.) ते हसले, पान घडी करून खिशात घातलं आणि गेले. ते हसणं मला ऐकायला बरं वाटलं नाही. हत्यार बोथट झाल्याचा आवाज होता.

तेव्हा मी संशय कोणावर घेत नाही, पण विनंती एवढीच की कातळवण्यात माणसं नेमकी किती, ते देवळाच्या पायरीवर हात ठेवून एकदा कळवा. द्रौपदीकाकीस नमस्कार. आईला हे पत्र वाचून दाखवताना कोंबडीचा मजकूर गाळावा.

आपला आज्ञाधारक (आणि पोटात अजून दोन इंजेक्शनं बाकी असलेला)
राजाराम

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात साहेबांचं कार्ड आलं. वरची विनंती रद्द समजा. कातळवण्यात चारशे बारा माणसं आहेत, हे त्यांच्या कचेरीत आधीपासून लिहिलेलं आहे, आणि वस्तीच्या गाडीला तेवढी पुरतात. त्यांना लोकसंख्या नकोच आहे. त्यांना फक्त पऱ्यावरच्या मोरीची, म्हणजे वाटेतल्या ओढ्यावरच्या पुलाची, रुंदी हवी आहे, दोन्ही कठड्यांच्या मधली. दहा फूट किंवा वर भरली तर शिमग्यापासून गाडी सुरू. कमी भरली तर नवी मोरी होईपर्यंत नाही. आणि नवी मोरी कधी होणार, ते आईच्या डोळ्यांना विचारावं लागेल.

ता. क. दुसरा. काका, कृपा करून आकडा पाठवू नका. आकडा मागितला तर तुम्ही गाडी आत जाईल एवढाच पाठवाल. काथ्याची दोरी कठड्यापासून कठड्यापर्यंत ताणून धरा, दोन्ही टोकांना गाठ मारा, आणि ती दोरीच पार्सलने पाठवा. मी इथे मोजतो. तशीच एक दोरी आईकडून वेगळी मागवतोय. तिला दिसत नाही, त्यामुळे तिच्या दोरीवर माझा जास्त भरवसा आहे. दोघांनी एकमेकांना सांगू नये.

ता. क. तिसरा. यात मी गावाला काही बोलत नाही. त्या मोरीवरून त्या तीन दिवसांत मी स्वतः सहा वेळा गेलो. फूटपट्टी खिशातच होती.