पितांबरच्या दारावर

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कॉलेजात ऑफिस स्टाफसाठी दिवसभर ट्रेनिंग होतं. विषय: 'समस्येला सामोरे जा'. नाशिकहून सर आले होते. सगळ्यांना ही डायरी आणि एक पेन फुकट. पेन चालत नाही. सर म्हणाले, समस्या टाळली की वाढते. रोज एक लिहा आणि तिला शिंगावर घ्या. मला त्यात नवीन काही नव्हतं. परीक्षा विभागात चोवीस वर्षं काढली, नापास पोरांचे बाप रोज समोर उभे असतात. मी पहिल्यापासून शिंगावर घेणारा माणूस.

तर समस्या एक: शेजारच्या हाशमभाईंची टाकी रोज सकाळी भरून वाहते, पाणी आपल्या जिन्यावर. दोन वर्षं झाली.

दोन: पितांबरने सवितावहिनींना शनिवारी धुळ्याहून इथे जळगावात रिंग रोडच्या एका दवाखान्यात आणलंय. किडनीचं आहे. पितांबर आणि मी पारोळ्याच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर. भेटायला जायचंय. तशी ही समस्या नाहीच, स्कूटरवर पंधरा मिनिटांचं काम. उद्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हाशमभाईंना सामोरा गेलो. म्हणजे सविस्तर चिठ्ठी लिहिली, तीन मुद्दे, आणि त्यांच्या गेटला चिकटवली. अर्ध्या तासात हाशमभाई स्वतः वर आले. म्हणाले, नवलभाऊ, तोंडाने सांगायचं ना, मला काय माहीत तुमच्या जिन्यावर पाणी येतं. संध्याकाळपर्यंत नवा कॉक बसवला. दोन वर्षांची समस्या दोन दिवसांत संपली. बायकोला म्हटलं, मंदा, बघ, पद्धत असते. ती म्हणाली, दवाखान्यात कधी जाताय?

काल जमलं नाही. हॉल तिकिटांचं काम होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. भेटायची वेळ चार ते सहा. मी सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. वॉचमन म्हणाला, जा काका, पाच मिनिटांसाठी कोण अडवतंय. पण नियम म्हणजे नियम. वहिनींसाठी घेतलेलं नारळपाणी गेटवरच पिऊन टाकलं, शिळं झालं असतं. वर तिसऱ्या मजल्यावर खिडकीत पितांबर उभा दिसला. किंवा दुसरा कोणी असेल. चष्म्याचा नंबर बदललाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंदा डबा घेऊन दवाखान्यात जाऊन आली. भरीत नाही, पथ्याची भाजी, बिनमिठाची. वहिनींनी माझी चौकशी केली म्हणे. मी विचारलं, कशा दिसतात? मंदा म्हणाली, स्वतः जाऊन बघा.

त्यात एक अडचण आहे. आजारी माणसासमोर गेलं की काहीतरी बोलावं लागतं. लवकर बऱ्या व्हाल, असं म्हणावं तर मंदाच्या चेहऱ्यावरून तसं वाटत नाही. न म्हणावं तर मग जायचं कशाला? लोक माझ्याकडून हिमतीच्या शब्दांची अपेक्षा करतात. शब्द तयार झाले की जाणार. सोमवारी नक्की.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पितांबरचे तीन फोन. उचलले नाहीत. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, समोरासमोर बोलायच्या. तेच तर ट्रेनिंगमध्ये सांगितलं.

सोमवारी जमलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सवितावहिनी पहाटे गेल्या. अ‍ॅम्ब्युलन्सने धुळ्याला नेलं. माती चार वाजता. मंदा आणि लेक मृणाली बाराच्या बसने गेल्या. माझ्याकडे युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती, मला जागेवरून हलता येईना. कमिटी आली, प्राचार्यांकडे चहा घेतला आणि गेली. माझ्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही.

पाच वाजता खुर्चीत बसून होतो. काही वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही याचं जरा आश्चर्य वाटलं, मग तेही गेलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता सरळ धुळ्याला जायचं. दारावर जाऊन बसायचं, दोन शब्द बोलायचे, चहा न घेता उठायचं. एवढंच असतं. माणसं रोज जातात. मी स्वतः आयुष्यात शंभरेक दारांवर बसलो असेन. चटईवर बसलं की आपोआप मान खाली जाते, कोणीतरी 'कसं झालं?' विचारतं, घरचे सुरुवातीपासून सांगतात, आपण 'हं' म्हणायचं.

इथे अडचण अशी की पितांबर सुरुवातीपासून सांगेल. त्यात दवाखान्याचे तेरा दिवस येतील. त्या तेरा दिवसांत मी जळगावातच होतो, हे त्याला माहीत आहे. 'हं' कुठे म्हणायचं?

२३ नोव्हेंबर, रविवार

निघालो! सकाळी आठची धुळे बस. खिडकीची जागा. पाळधी, एरंडोल, सगळीकडे मन खंबीर. मनात वाक्यं जुळवत होतो. 'पितांबर, मी यायला पाहिजे होतं' असं सुरुवातीला घ्यावं की शेवटी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. पारोळ्याला बस दहा मिनिटं थांबली. पाय मोकळे करायला उतरलो. बस गेली.

कंडक्टरने दोनदा आवाज दिला होता. मला वाटलं दुसऱ्या कोणाला देतोय.

आलोच आहे तर आत्याकडे गेलो. भिकुबाई आत्या आता ऐंशीची, कान तिखट. कुठे निघालास विचारलं, सांगितलं. ती म्हणाली, "मंग आठे काय करी ऱ्हायना? धुळं तिकडे शे." मी म्हटलं, नीट तयारी करून जावं म्हणतो. तर म्हणे, "दारवर जावाले काय तयारी लागस रे भाऊ? रडता येस ते रडनं, नई ते उगा बसनं." जुन्या माणसांना मानसशास्त्र कळत नाही. जेवून परतीची बस धरली.

तरी निम्म्याहून जास्त अंतर कापलं. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हाशमभाई उद्या गाडी घेऊन धुळ्याला चाललेत, माल द्यायला. म्हणाले, चला, दारात सोडतो, दारातून उचलतो. भला माणूस. पण उद्या बुधवार. बुधवारी दारावर जात नाहीत असं ऑफिसातला मगन सांगत होता. मी घरी तसं म्हटलं तर मंदा माझ्याकडे बघतच राहिली. तुम्हांला बुधवार कधीपासून चालत नाही? आपल्या घरात कोणी वार पाळला? लग्न अमावस्येला लावलंय आपलं, तेव्हा तुम्हीच भाषण केलं होतं.

मी म्हटलं, आपण मानत नाही हे खरं, पण समोरच्याच्या भावना असतात. ती म्हणाली, समोरचा पितांबरभाऊ आहे, त्याच लग्नात पंचशील त्याने म्हटलं होतं.

तत्त्वाच्या गोष्टींवर बायकोशी वाद घालू नये. हाशमभाईंना नको म्हणून कळवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी धुळ्याला वहिनींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. पितांबरने स्वतः फोन केला, मंदाच्या फोनवर. मी शेजारीच होतो. आवाज बाहेर येत होता. नेहमीसारखाच बोलत होता. मंदाने फोन माझ्याकडे केला. मी हाताने खूण केली, आंघोळीला गेलोय म्हणून सांग. ती म्हणाली, आंघोळीला गेलेत. दुपारचे तीन वाजले होते.

रविवारी जाणारच. सगळी माणसं असतात, भंते असतात, वंदना होते, एकट्याने काही बोलावं लागत नाही. उलट मी गर्दीचीच वाट बघत होतो असं म्हणता येईल. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.४०

कमरेत उसण भरली.

त्याच दिवशी, रात्री ९

म्हणजे भरल्यासारखी वाटली. बूट घालायला वाकलो आणि वाटलं, आता भरते की काय. मंदाला म्हटलं, भरली. मृणालीने विचारलं, पप्पा, कोणत्या बाजूला? मी म्हटलं, दोन्ही. दोघी निघून गेल्या. दारात मंदा म्हणाली, तिथे काय सांगू? म्हटलं, उसण भरली म्हणून सांग. ती म्हणाली, मी सांगेन. पण हे शेवटचं.

दिवसभर घरात एकटा. पांढरा शर्ट घालूनच बसलो होतो. मनात वंदना म्हटली, मधेच विसरलो. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम बघितला. केळीवरचा करपा.

२ डिसेंबर, मंगळवार

मंदाने धुळ्यात 'उसण' एवढंच सांगितलं होतं. आज मगनने ऑफिसात विचारलं, स्लिप डिस्क झाली म्हणे? त्याची मेहुणी धुळ्याची. संध्याकाळी पारोळ्याहून आत्याचा फोन, ऑपरेशन कधी शे? आता पंधरा दिवस तरी जपून चालावं लागेल. जिन्यावरून एक हात कमरेवर ठेवून उतरतो. हाशमभाईंनी दूध वर आणून दिलं. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून त्रास होतो.

गंमत म्हणजे डावी बाजू खरंच थोडी दुखायला लागलीय.

४ डिसेंबर, गुरुवार

ट्रेनिंगवाल्या सरांचा फॉर्म आला. 'गेल्या महिन्यात किती समस्यांना सामोरे गेलात?' मी मोजल्या. टाकी, गॅसचं केवायसी, मृणालीच्या मोबाईलचं स्क्रीनगार्ड, ऑफिसच्या पंख्याचा आवाज, चष्मा. दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण विनयापोटी कापला. 'अजून टाळत असलेली समस्या' असा एक रकाना होता. तो कंपल्सरी नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला गेलो नाही. उसण भरलेला माणूस रांगेत तासभर उभा कसा राहणार? चोवीस वर्षांत पहिल्यांदा चुकलं. मंदा आणि मृणाली मेणबत्त्या घेऊन गेल्या. खिडकीतून माणसं जाताना दिसत होती. पडदा ओढून घेतला. कोणी बघितलं तर विचारतील.

आज मात्र ठरवलं. पुरे झालं. पुढच्या रविवारी, चौदा तारखेला, धुळे. कोणी सोबत नको, गर्दी नको. पितांबरसमोर बसायचं आणि सांगायचं: मी घाबरलो. वहिनींना तसं बघायला घाबरलो, मग तुला तोंड दाखवायला घाबरलो. बस. लिहिल्यावर बरं वाटलं. इतकं सोपं होतं.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ५

दुपारी जेवून आडवा झालो होतो. पावणेतीनला बेल वाजली. मंदाने दार उघडलं आणि म्हणाली, अहो पितांबरभाऊ, तुम्ही?

मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. ठरवून केलं नाही, आपोआप झालं.

ती त्याला आतच घेऊन आली. म्हणाली, झोपलेत वाटतं, उठवते. तो म्हणाला, "जपू द्या वहिनी. उठाडू नका. कमरना तरास लई वाईट ऱ्हास." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, चढून आल्यामुळे लागलेला. म्हणाला, ऑपरेशन आहे असं कळलं, म्हणून राहवलं नाही. सविताच्या कमरेसाठी आणलेलं तेल अर्धी बाटली उरलंय, ते घेऊन आलो.

मंदाने बाटली घेतली. मी डोळे उघडायला हवे होते. अगदी सोपं होतं, नुसत्या पापण्या. मी मनात म्हटलं, तो पुढचं वाक्य बोलला की उठायचं.

तर तो म्हणाला, "सविता दवाखानामा रोज इचारे, नवल भाऊ वनात का? मी सांगू, तू जपेल व्हती तव्हय ई गयात. तिले बरं वाटे." मग म्हणाला, "शेवटला दिवसे म्हने, आते वनात का माले उठाडज्यात."

आता मी आलो की उठवा, असं वहिनी म्हणाल्या होत्या. हे ऐकल्यावर उठायचं कसं?

म्हणजे वहिनींच्या लेखी मी रोज, त्या झोपलेल्या असताना, जाऊन आलो होतो. एका अर्थी तेही बरंच झालं, असं लिहिणार होतो. लिहवत नाही.

तो अर्धा तास बसला. नुसता. चहा नको म्हणाला, पाणी घेतलं. माझ्या पायावरची चादर सरकली होती, ती ओढून दिली. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला. उसण कुठे आहे ते माहीत नसल्यामुळे असेल, फार हलका ठेवला. मंदाला म्हणाला, उठला की सांगा, पितांबर येऊन गेला. जिना उतरल्याचा आवाज गेटपर्यंत ऐकू आला.

मी आणखी दहा मिनिटं तसाच पडून राहिलो. मग उठलो, डोळे चोळले आणि बाहेर येऊन मंदाला विचारलं, कोण आलं होतं?