दादा तिकडेच राहिला

हॅम्बर्ग, सप्टेंबर २००६

दादा,

अलास्कात गाइडबरोबर होडीतून नदी फिरून येतो, म्हणून सुट्टी घेतलीस. आता त्या गाइडच्याच घरी राहून हिवाळ्यासाठी मासे पकडतोयस, धुरावर सुकवतोयस. इथल्या, जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या नोकरीचा राजीनामाही तिथूनच दिलास. आणि तुझ्याकडे राहायला पुण्याहून आलेली आई माझ्या होस्टेलच्या खोलीत बसून तुझी वाट बघते. माझी पीएचडी तशीच पडली आहे.

काल मेलवर तुझा फोटो आला. हातातला चिरलेला मासा बघून आई तोंड फिरवेल, असं मला वाटलं. तिनं चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बारीक झालाय," ती म्हणाली. "पण हसतोय. बाबा गेल्यापासून असा हसला नव्हता. त्याला परत ये म्हणू नकोस."

"आणि माझं काय, आई?"

"तू समजूतदार आहेस. तुझी काळजी नसते." ती कुकर लावायला उठली.

मी समजूतदार नाही रे. मला कुणी विचारलंच नाही. हे पत्र पाठवलं तर तू लगेच येशील, म्हणूनच पाठवत नाही.

तुझ्यावर चिडलेली,
ऊर्मिला